भट्टीच्या अलीकडे

जुन्या सायकलीच्या फ्रेमला पावडर कोटिंग करून आणलं आणि दुसऱ्याच पावसाळ्यात खालच्या नळीवर फुगे धरून रंगाचा पापुद्रा सुटू लागला, की बोल लागतो तो पावडरीला. पावडर हलकी होती, भट्टी कमी तापली, कोटिंगवाल्याने हात राखला. यातलं एखादं कारण कधी खरंही असतं. पण सुटलेला पापुद्रा उलटून आतली बाजू पाहावी. तिथे बहुतेक वेळा तांबूस भुकटी चिकटलेली सापडते. म्हणजे रंग लोखंडापासून सुटला असं म्हणायलाही जागा नाही, कारण तो लोखंडावर बसलेलाच नव्हता. तो गंजावर बसला होता, आणि गंज निघाला तेव्हा त्याच्याबरोबर निघाला. फ्रेमवरच्या कोटिंगचं आयुष्य ती भट्टीत शिरण्याआधीच बरंचसं ठरून गेलेलं असतं, आणि ते ठरवणारं निम्म्याहून अधिक काम शहरातल्या कारखान्यावर न सोपवता सायकल चालते त्या गावातच व्हायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

गाव म्हणून वाशिम जिल्ह्यातलं किन्हीराजा डोळ्यांपुढे ठेवू. मालेगाव तालुका (नाशिककडचं नव्हे, हे मालेगाव जहागीर), नागपूर–छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद) रस्ता, भोवती सोयाबीन आणि तुरीची काळी जमीन. या भागातली सायकल हौसेसाठी कमी आणि ओझ्यासाठी जास्त वापरली गेली. तिच्या कॅरिअरवर दुधाची कॅन गेली, चाऱ्याची पेंढी गेली, खताचं पोतं गेलं. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या, तशा सायकली आज कितीतरी गावांत गोठ्याच्या भिंतीला टेकून उभ्या आहेत. टायर कुजतात, सीट फाटते, पण फ्रेम सहसा शाबूत असते. ती नव्याने रंगवायची तर गावच्या रस्त्यावर सायकलचा मिस्त्री भेटू शकतो, वेल्डिंगवाला भेटू शकतो. पावडरीची बंदूक आणि फ्रेम मावेल एवढी भट्टी मात्र औद्योगिक वसाहतीतली गोष्ट आहे. त्यासाठी अकोल्याच्या एमआयडीसीकडे जाणं आलं. तिथल्या कोटिंगवाल्याचा रोजचा माल म्हणजे खिडक्यांच्या ग्रिल, फाटकं, कपाटांचे पत्रे, कूलरचे ढाचे. नवा पत्रा, सरळ पाईप, दिवसाला शेकडो नग. त्या रांगेत तीस वर्षं खत वाहिलेली एकच फ्रेम लटकली, तर तिला ग्रिलचीच वागणूक मिळणार. यात कोटिंगवाल्याचा दोष नाही. त्याला पावडर कळते, फ्रेम कळत नाही. ती कळते मिस्त्रीला.

तयारीला इतकं महत्त्व का, याचं उत्तर पावडरीच्या घडणीत आहे. पॉलिएस्टर किंवा इपॉक्सीची राळ, रंगद्रव्य आणि राळेला घट्ट करणारं रसायन एकत्र वितळवून, गार करून, दळून ही भुकटी होते. कण सरासरी ३० ते ४० मायक्रॉनचे. बंदुकीच्या टोकाशी ६० हजार ते एक लाख व्होल्टचा दाब देऊन त्यांच्यावर विद्युतभार चढवतात आणि अर्थिंग दिलेल्या फ्रेमकडे ते आपसूक ओढले जातात. भट्टीत धातू १८० ते २०० अंश सेल्सिअसला पोहोचला की भुकटी वितळते, पसरते आणि दहा-पंधरा मिनिटांत तिचे रेणू एकमेकांत गुंफून ६० ते ८० मायक्रॉनचा एकसंध थर होतो. जर्मनीत एर्विन गेमर यांनी १९५०च्या दशकात तापवलेली वस्तू हवेवर तरंगत्या भुकटीत बुडवण्याची रीत काढली. बंदुकीची रीत त्यानंतरच्या दशकात रुळली. या साऱ्या प्रकारात थिनर कुठेच नाही. हवेच्या दृष्टीने हा मोठाच गुण, पण तोच पावडरीला नाजूकही करतो. ब्रशने मारलेल्या ऑइलपेंटमधलं पातळ तेल बारीक खळग्यांत झिरपतं, थोडा गंज भिजवतं, थोडा तेलकटपणाही सामावून घेतं. वितळलेली पावडर काकवीसारखी दाट. ती खळग्यावरून पूल बांधून पुढे जाते आणि खालची हवा, ओल, तेल, सगळं आत कोंडते. ऑइलपेंट तयारीतल्या चुका काही प्रमाणात माफ करतो. पावडर त्या झाकते, आणि झाकलेली चूक उघड्या चुकीपेक्षा दूर पसरते.

इथे पहिला आक्षेप येतो. जुन्या काळ्या सायकली कुठे एवढ्या सोपस्काराने रंगवल्या जात होत्या? तरी त्यांचा रंग पन्नास वर्षं टिकलाच की. टिकला हे खरं, पण सोपस्काराशिवाय टिकला हे खरं नाही. थॉमस कॉस्लेट यांनी १९०६ साली इंग्लंडमध्ये लोखंडाला फॉस्फरिक आम्लात उकळून त्यावर फॉस्फेटचा थर चढवण्याचं पेटंट घेतलं. पुढे ही प्रक्रिया सुधारत गेली आणि १९५०च्या दशकात नॉटिंगहॅमची रॅले कंपनी आपल्या कॅटलॉगांत ‘स्प्रा-बाँडरायझिंग’ या नावाने अशाच फॉस्फेट थराची जाहिरात करत होती. तिच्या भारतीय भागीदारीतला सेन-रॅलेचा कारखाना आसनसोलला उभा राहिला तोही याच काळात. त्या फ्रेमवरचा काळा एनॅमलसुद्धा भट्टीत भाजलेलाच असे. ज्याला आपण ‘पूर्वीचा पक्का रंग’ म्हणतो, त्याचा पक्केपणा असा डोळ्यांना न दिसणाऱ्या करड्या थरात होता. फॉस्फेट लोखंडाला कसं राखतं याचा त्याहून जुना दाखला दिल्लीत कुतुबच्या आवारात उभा आहे, सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी घडवलेला. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्या लोहस्तंभाच्या पृष्ठभागाचा अभ्यास केला. त्या लोखंडात पाव टक्क्याच्या आसपास फॉस्फरस आहे, आणि त्यातूनच स्तंभावर फॉस्फेटचं संरक्षक पटल तयार झाल्याचं त्यांनी दाखवलं. आजच्या सायकलीच्या पोलादात फॉस्फरस इतका ठेवत नाहीत, त्याने पोलाद ठिसूळ होतं. म्हणून ते पटल बाहेरून चढवावं लागतं.

गंज घासून काढला म्हणजे संपला, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या कितीतरी पट जागा घेतो आणि सच्छिद्र असतो. त्याच्या पोटात क्षार दडतात. शेतकऱ्याच्या सायकलीवर हे क्षार येतात कुठून? एक वाट घामाची, दुसरी खताच्या पोत्याची. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. १०:२६:२६ सारख्या मिश्रखतात पोटॅश येतो तो बहुधा याच रूपात. पोतं फाटून कॅरिअरच्या खाली, मागच्या नळ्यांच्या सांध्यात भुकटी सांडली आणि तिच्यावर पहिला पाऊस पडला, की समुद्रकाठच्या हवेला शोभेल असा क्लोराइडचा मारा वाशिम जिल्ह्यात सुरू होतो. क्लोराइड गंजाच्या खळग्यांच्या तळाशी जाऊन बसतं. पॉलिश पेपर वरचा तांबडा थर नेतो आणि खळग्यातलं मीठ तसंच राहतं. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि कोटिंगच्या खालून गंज पुन्हा चालू करतं. म्हणून घासण्याच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा फ्रेम भरपूर गोड्या पाण्याने धुणं हे तयारीतलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. आधी डिझेलने ग्रीस-वंगणाचा राप काढायचा, मग सोडा किंवा कपड्यांच्या पावडरीच्या कोमट पाण्याने डिझेल काढायचं, मग नुसतं पाणी. धुऊन झालं की नाही याची परीक्षा पाणीच देतं. स्वच्छ धातूवर पाण्याचा पातळ सलग पदर राहतो. पदर फाटून थेंब गोळा होत असतील तर तिथे तेल आहे. रंगकामाच्या कारखान्यांत हीच चाचणी लावतात, आणि तिला एक लोटा पाण्यापलीकडे काही लागत नाही.

पण धुण्याआधी फ्रेम मोकळी व्हायला हवी, आणि इथे मिस्त्रीचा हात लागतो. चाकं, हँडल, चिमटा, मडगार्ड, चेनकव्हर निघतं ते कुणालाही काढता येतं. अडतं ते पायडलांचा एक्सल फिरतो त्या आडव्या नळीशी, मिस्त्री जिला बीबी म्हणतात. इंग्लिश धर्तीच्या फ्रेममध्ये चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते. हे माहीत नसलेला माणूस पान्ह्याला पाईप लावून ती सोडवायला जातो आणि आणखी आवळत राहतो. कोटिंगवाल्याचा पोरगा ही वाटी काढणार नाही. ती आत तशीच ठेवून रंगवेल, आणि भट्टीत आतलं ग्रीस पातळ होऊन बाहेर येईल तिथे रंगाला बारीक खड्डे पडतील. हँडलच्या नळीतल्या वर-खालच्या वाट्या ठोकून बसवलेल्या असतात, त्याही निघायला हव्यात. पुढची पितळी पट्टी निघायला हवी. नगरपालिकेच्या सायकलकराचा जुना बिल्ला अजून लटकत असला तर तोही जपून काढून ठेवावा. तो पितळी तुकडा आता रंगाहून मोलाचा आहे.

मोकळी फ्रेम आधी तपासायची, मग खरवडायची. वाकलेली किंवा तडकलेली फ्रेम रंगवून मग सरळ केली तर सगळा खर्च मातीत, कारण वेल्डिंगचा एक टाका हातभर कोटिंग जाळतो. सरळपणा बघायला सुतळी पुरते. मागच्या एका आकड्यापासून (चाकाचा एक्सल बसतो त्या खाचेपासून) निघून, पुढच्या हँडलच्या नळीला वळसा घालून, दुसऱ्या आकड्यापर्यंत ती ताणायची, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. दोन्हीकडे सारखं भरलं तर मागचा भाग मध्यावर आहे. तडा शोधायला रॉकेल आणि खडू. सांध्याला रॉकेल लावून थोड्या वेळाने कोरडं पुसायचं, वर खडूची भुकटी चोळायची; तड्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येऊन पांढऱ्यावर ओली रेघ काढतं. रेशनचं रॉकेल दुर्मीळ झालंय, डिझेलही चालतं. हँडलच्या नळीखालचा सांधा, सीटचा सांधा आणि मागचे आकडे, या तीन जागी तडा पहिल्यांदा दिसतो. याच टप्प्यावर जुन्या डागडुजीचाही हिशेब घ्यावा. पोचा भरायला वापरलेली पुट्टी किंवा एमसील २०० अंशात फुगते, तडकते, पावडरीसकट उखडते. कथील-शिशाचा डाक १८३ अंशाला वितळायला लागतो, म्हणजे भट्टीत तो ओघळणारच. ते सगळं आधी काढलंच पाहिजे. फ्रेमच्या मूळ सांध्यांतलं पितळ मात्र नऊशे अंशांच्या आसपास वितळतं. भट्टीने फ्रेमचे सांधे सैल होतात, ही भीती त्यामुळे निराधार आहे. साध्या पोलादालाही २०० अंश म्हणजे काहीच नाही. कार्बन फायबरची किंवा चिकटवून जोडलेली फ्रेम असली तर गोष्ट वेगळी, पण तशी सायकल या गोठ्यात सापडणार नाही.

जुना रंग काढण्याचे रस्ते तीन, आणि तिन्हींत काही ना काही मोजावं लागतं. हाताने घासणं स्वस्त, पण कोरडं घासू नये. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली; त्याआधीच्या रंगात, त्यातही लाल-पिवळ्या रंगात, शिसं असण्याचा संभव धरूनच चालावं. ओल्या पॉलिश पेपरने घासावं, लेकरं खेळतात त्या अंगणात घासू नये आणि निघालेला गाळ विहिरीच्या किंवा जनावरांच्या पाण्याच्या वाटेला जाऊ देऊ नये. दुसरा रस्ता आम्लाचा. तो मोहक आहे, कारण अर्ध्या तासात गंज जातो. पण फ्रेम ही ग्रिल नव्हे. ती पोकळ आहे, तिच्या सांध्यांत केसाएवढ्या फटी आहेत, मागच्या बारीक नळ्यांना सुईच्या टोकाएवढी भोकं आहेत. आम्ल आत सहज जातं, पण धुऊन काढायचं पाणी तितकं आत पोहोचत नाही. वरून चकचकीत झालेली फ्रेम आतून खात राहते. कारखान्यातल्या ‘सेव्हन टँक’ प्रक्रियेबद्दलचा माझा संशय याच कारणाने आहे. तेल काढणं, गंज काढणं, फॉस्फेट, पॅसिव्हेशन आणि मधली धुणी मिळून सात टाक्या, ही रीत उघड्या पत्र्याला उत्तम. पोकळ जुन्या फ्रेमला त्यातली आम्लाची टाकी टाळून फॉस्फेटपासून सुरुवात करायला सांगावं, आणि गंज तिसऱ्या रस्त्याने, म्हणजे ब्लास्टिंगने काढावा.

ब्लास्टिंगला अजून ‘सँडब्लास्टिंग’ म्हणतात, पण त्यात नदीची वाळू वापरली जात असेल तर ते काम तिथे देऊ नये. वाळूतल्या सिलिकाची धूळ कामगाराच्या फुप्फुसात जाऊन बसते, आणि सिलिकोसिसला औषध नाही. गार्नेट किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी हे काम तितकंच चोख करते. दाबही बेताचा हवा. रोडस्टर सायकलीच्या नळीची जाडी एखाद-दीड मिलिमीटर, त्यातून गंजाने काही नेलेली. फाटकाच्या अँगलला लावतात तो दाब तिथे लावला तर पातळ झालेल्या जागी भोक पडतं. अर्थात असं भोक पडलंच तर ते आधीच कळलं हे बरं; पोतं घेऊन उतारावर कळण्यापेक्षा. बीबीच्या खाली किंवा सीटच्या सांध्याजवळ ठोकलेला फ्रेमचा नंबर मात्र आधी कागदावर उतरून घ्यावा आणि त्या जागी हात हलका ठेवायला सांगावा. नीट ब्लास्ट केलेला पृष्ठभाग राखाडी, खरखरीत आणि सारखा दिसतो. त्या बारीक खरखरीतच पावडरीची पकड असते.

आता झाकण्याचं काम. रंग जिथे नको तिथे तो न लागू देणं, हे फ्रेमच्या बाबतीत रंग लावण्याइतकंच मोठं काम आहे, आणि त्याचा हिशेब साधा आहे. ८० मायक्रॉनचा थर नळीच्या आत दोन्ही बाजूंना चढला तर व्यास ०.१६ मिलिमीटरने घटतो. सीटचा दांडा तेवढ्यानेच अडकायला लागतो. बीबीच्या आट्यांत पावडर गेली तर वाटी तिरकी धरते आणि आटे मोडतात. हे आटेही सगळ्यांचे एक नाहीत: बहुतेक इंग्लिश फ्रेमना इंचात २४, जुन्या रॅलेला २६, चुकीचा टॅप फिरवून पावडर साफ करायला गेलेला माणूस आटेच साफ करतो. मागच्या आकड्यांवर पावडर राहिली तर नट आवळल्यावर ती चुरा होते आणि महिन्याभरात चाक सरकतं. कारखान्यात यासाठी सिलिकॉनची बुचं आणि उष्णता सोसणारी हिरवी पट्टी असते. ती नसली तरी गावाकडे त्याहून चांगली गोष्ट पडलेली असते, ती म्हणजे झिजलेल्या जुन्या वाट्या. त्या स्वच्छ करून बीबीत हाताने फिरवून बसवल्या की आटे पुरते सुरक्षित. मडगार्ड-कॅरिअरच्या भोकांत जुने बोल्ट. कागदी मास्किंग टेप जळते आणि इलेक्ट्रिशियनची काळी टेप वितळते, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे झालं.

ब्लास्टिंग आणि पावडर यांच्यामधला वेळ हा सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवलं की हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांपलीकडे गेली की उघड्या लोखंडाचं गंजणं एकदम वेग घेतं. श्रावणात आपल्याकडे आर्द्रता दिवसचे दिवस त्या रेघेच्या वर असते. त्या दिवसांत ब्लास्ट केलेली फ्रेम एसटीच्या टपावर रात्रभर राहिली तर सकाळी तिच्यावर पिवळट झाक दिसेल. वैशाखातल्या विदर्भी दुपारी तीच हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर टिकत नाही. खरीप सुरू व्हायच्या आधीचा हा रिकामा काळ शेतकऱ्यालाही सोयीचा. तेव्हा गावात फ्रेम मोकळी करून, तपासून, धुऊन अकोल्याला न्यावी आणि ब्लास्टिंग, फॉस्फेट, पावडर एकाच दिवशी करून घ्यावी. ब्लास्टिंगनंतर फ्रेमला उघडा हात लावू नये, घामातलं मीठ बोटांच्या ठशांसकट पावडरीखाली जातं. आणि कोटिंगवाल्याला दोन गोष्टी मागाव्यात. एक, पावडर मारण्याआधी रिकामी फ्रेम अर्धा तास भट्टीत तापवावी. सांध्यांत मुरलेलं तेल आणि नळीतलं पाणी तेव्हाच बाहेर येतं. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे सतराशे पट होतं, आणि ती पावडर वितळत असताना निघाली तर प्रत्येक भोकापाशी फोड ठरलेला. दुसरी गोष्ट, सांध्यांच्या बेचक्यांत आधी आणि कमी व्होल्टेजवर मारावी. विद्युतभार उंचवट्यांवर एकवटतो आणि खाचा उपाशी राहतात. जास्त व्होल्टेजने हा भेद वाढतो. सपाट पत्र्याला हा प्रश्न येत नाही, म्हणून सांगावं लागतं.

दुसरा मोठा आक्षेप जुन्या सायकलींच्या जाणकारांकडून येतो, आणि तो मला मान्य आहे. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. तिथल्यासारख्या जुन्या सायकली पाहिल्या तर ध्यानात येतं की हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा, कारखान्याची उतरवलेली चित्रं, काळ्या एनॅमलची खोल झळाळी हे सगळं पावडरीने कायमचं जातं. पावडरीचा जाड थर सांध्यांच्या नक्षीदार कडाही बोथट करतो. मूळ रंग वाचता येण्याजोगा असेल तर त्या फ्रेमला भट्टी दाखवू नये. धुवावी, मेण लावावं, तशीच वापरावी. तिसरा आक्षेप कामाच्या सायकलीचा. दुधाची कॅन रोज एकाच जागी घासते. तिथे पावडर गेली की गावात तिला जोड देता येत नाही, ऑइलपेंटला देता येते. हेही खरं. रोज खरचटणाऱ्या फ्रेमला ऑइलपेंट अधिक शहाणपणाचा. किंवा घासणाऱ्या जागी ट्यूबचा तुकडा गुंडाळून मग पावडर. पण या दोन्ही आक्षेपांनी तयारीचं काम टळत नाही. गंजावर मारलेला ऑइलपेंटही उखडतोच, फक्त त्याचं दुखणं लवकर दिसतं.

कोटिंगवाल्याच्या कामात मिस्त्रीने किंवा मालकाने लुडबुड का करावी, असंही कुणी म्हणेल. सांगण्यासारखं एवढंच, की वर आलेल्या कामांपैकी ब्लास्टिंग, फॉस्फेट आणि भट्टी गावात होऊ शकत नाही, आणि फ्रेम मोकळी करणं, तडा शोधणं, सरळ करणं, आटे झाकणं अकोल्यात कुणी करणार नाही. जो हात जे ओळखतो ते त्याच्याकडे ठेवलं तर मजुरीही वाचते, कारण उघडून, धुऊन, झाकून आणलेला नग कोटिंगवाल्याला ग्रिलसारखाच झटपट हाताळता येतो.

फ्रेम परत आल्यावर एक काम उरतं, आणि ते पुन्हा गावातलंच. पावडर नळीच्या आत पोहोचत नाही. आतलं पोलाद ब्लास्टिंगपूर्वी होतं तसंच उघडं असतं, आणि सीटच्या नळीतून उतरलेलं पावसाचं पाणी बीबीत साचतं. यावर इंग्लिश फ्रेमवाल्यांचा जुना उपाय जवसाच्या तेलाचा, आणि जवस तर विदर्भाच्या रब्बीतलं घरचं पीक. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि त्याचा पातळ चिवट पदर बनतो. सीटच्या आणि हँडलच्या नळीतून वाटीभर तेल ओतावं, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवून उरलेलं परत वाटीत काढावं, आणि बीबीचं तोंड खाली करून फ्रेम उन्हात टांगावी. घाण्याचं कच्चं तेल वाळायला दोन-तीन आठवडे घेतं. तेलाने भिजलेली चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, वाळताना ती तापते आणि पेटूही शकते. पाण्यात बुडवावी किंवा दोरीवर पसरून वाळवावी. मग बीबीच्या जुन्या वाट्या काढून आटे कपड्याने पुसावेत, आकड्यांवर चुकून आलेली पावडर पात्याने खरवडून तिथे ग्रीस लावावं, आणि नव्या वाट्या फिरवाव्यात. चेनच्या बाजूची उलट्या हाताने.